गाणे कुठे अडले आहे, ते पाहून बैठक निवडा

मिरजेहून एका तरुण वाचकाने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे: "माझे वय २३ आहे. दिवसा मी एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात नोकरी करतो आणि रात्री घरीच गिटार, संगणक आणि एका मायक्रोफोनच्या साहाय्याने स्वतःची मराठी गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि ध्वनिमुद्रित करतो. आतापर्यंत चार गाणी मी स्वतःच प्रसिद्ध केली. २०१९ च्या महापुरावरचे पहिले गाणे पुष्कळ लोकांनी ऐकले. नंतरची तीन गाणी वर्ष उलटले तरी हजाराच्या आतच अडकली आहेत. इकडे गल्लीतले गणेशोत्सव मंडळ दहा दिवसांच्या कार्यक्रमांची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकू पाहते, जवळच्या शाळेतल्या बाई शनिवारी मुलांना गाणी शिकवायला बोलावतात आणि आजोबांच्या भजनी मंडळाला पेटीवर बसणारा कोणी हवा आहे. पुण्यातला मित्र म्हणतो की या सगळ्यात गुंतलास तर तुझे संगीत संपले, तू इकडे निघून ये. शिवाय एका कंपनीने चारही गाणी एकरकमी पैसे देऊन मागितली आहेत. माझी वाढ थांबली आहे, असे मला मनापासून वाटते. अशा वेळी मी गावाला वेळ द्यावा की स्वतःच्या कलेला?"

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही चारही गाणी पाठवलीत, हे फार बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर पत्रापेक्षा त्या गाण्यांमध्ये अधिक स्पष्टपणे सापडते. म्हणून मंडळ, शाळा, पुणे आणि करार हे विषय थोडे मागे ठेवून आधी गाण्यांविषयी लिहितो.

महापुराचे गाणे चांगले आहे, आणि ते चांगले का आहे हे तुम्हाला नीट समजले पाहिजे. "ओटीवरचं पाणी ओसरलं, भिंतीवरची रेघ राहिली" ही तुमची ओळ ज्याने कृष्णेचे पाणी घरात शिरताना पाहिले आहे, त्याला दुसऱ्यांदा समजावून सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-मिरज परिसरात माणसे दिवसरात्र एकमेकांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे एवढेच विचारत होती, आणि तुमच्या अंतऱ्यात तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या तोंडी येतो: आधी म्हातारीच्या, मग दुकानदाराच्या आणि शेवटी लहान मुलीच्या. त्या तिघांना तुम्ही कुठेतरी प्रत्यक्ष ऐकले असले पाहिजे, कारण तिघांची बोलण्याची ढब निराळी आहे आणि चालही प्रत्येक वेळी थोडी वळते. शिवाय ध्रुवपद इतके आटोपशीर आहे की दुसऱ्या वेळी ऐकताना मी नकळत ते म्हणू लागलो.

नंतरच्या तीन गाण्यांत वाद्यांची जुळणी पहिल्यापेक्षा सफाईदार आहे आणि ध्वनिमुद्रणात तुम्ही बरीच प्रगती केली आहे, हे मान्य करूनही मला त्यांत तीन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे तिन्ही गाण्यांची लय पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत एकाच ठिकाणी खिळलेली आहे. मुखडा, अंतरा आणि शेवटची आवर्तने यांत कुठेही गाणे पुढे सरकल्यासारखे वाटत नाही. दुसरी म्हणजे अंतऱ्याच्या ओळींत अक्षरांची संख्या इतकी कमीजास्त होते की ऐकणाऱ्याला पुढची ओळ कुठे पडणार याचा अंदाज येत नाही. त्यामुळे गाणे आवडले तरी ते त्याच्या तोंडी बसत नाही. तिसरी गोष्ट सांगताना मला जरा संकोच वाटतो, पण सांगणे आवश्यक आहे: आवाजाचा सूर तुम्ही संगणकाकडून इतका सरळ करून घेतला आहे की पहिल्या गाण्यातला किंचित खरखरीत, जिवंत आवाज कुठे हरवला ते कळत नाही. या तिन्ही गोष्टी एकट्याने बंद खोलीत रात्री काम करण्यातून येतात. त्यात तुमच्या प्रतिभेची कमतरता नाही, आणि म्हणूनच "वाढ थांबली आहे" हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. साधने हाताळण्यात तुम्ही वाढला आहात. माणसांबरोबर गाण्यातून जे येते, ते तेवढे मागे राहिले आहे.

हजाराच्या आकड्याने तुम्ही खचलेले दिसता. त्या आकड्याचा व्यावहारिक अर्थ असा की, स्पॉटिफायने २०२४ पासून लागू केलेल्या नियमानुसार मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान हजार वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या ध्वनिमुद्रणाला मोबदला मिळत नाही. नव्या, छोट्या गावातल्या कलाकाराला हा नियम जाचक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तो मोबदल्याचा नियम आहे. तुमच्या अंतऱ्यात काय चुकले, हे तो आकडा सांगत नाही, आणि गाणे कुणी अर्ध्यावर सोडले तर ते का सोडले, हेही सांगत नाही. ते कळायचे असेल तर गाणे ऐकणाऱ्याचा चेहरा समोर असावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की गाव की कला, असा प्रश्न न विचारता आपले गाणे नेमके कुठे अडले आहे ते पाहा, आणि ज्या बैठकीत ती अडचण सुटण्याची शक्यता आहे, तिथेच आपला वेळ द्या. तुम्हाला आलेली तिन्ही बोलावणी सारख्या मोलाची नाहीत. भजनी मंडळाला ताबडतोब होकार द्या, शाळेला एका अटीवर द्या, आणि गणेशोत्सव मंडळाला होकाराचा फक्त छोटा तुकडा द्या.

भजनाविषयी तुम्ही पत्रात जेमतेम एक ओळ लिहिली आहे. मला मात्र तुमच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी संधी वाटते. वारकरी पद्धतीच्या भजनात मुख्य गाणारा चरण म्हणतो आणि बाकीचे झील धरतात, म्हणजे तोच चरण मागून म्हणतात. चाल संथ सुरू होते, पखवाजावरच्या बोटांना आणि टाळांना एकमेकांचा अंदाज येत जातो, आणि शेवटच्या आवर्तनांत लय चढते. ती किती चढवायची हे कुणी आधी ठरवलेले नसते. पखवाजवाला मुख्य गाणाऱ्याच्या श्वासाकडे पाहून ठरवतो, आणि टाळकरी दमले आहेत असे दिसले तर तो ती आवरतोही. तुम्ही संगणकाच्या ठोक्यावर गाणी बांधता, त्यामुळे लय माणसांत कशी तयार होते हा अनुभव तुमच्या हाताला अजून नाही. तो पेटीवर बसून वर्षभरात येईल. मात्र पहिले काही महिने पेटीसुद्धा मागू नका. मागच्या रांगेत टाळ घेऊन उभे राहा, झील धरा, आणि आपला आवाज इतरांच्या आवाजात कुठे बुडतो आणि कुठे उगाच वर येतो ते ऐका. आजोबांच्या मंडळींना तुम्ही शिकवायला आलेले नाही हे दिसले, की ती माणसे तुम्हाला जुन्या चाली आपणहून देतील. त्यांतल्या कित्येक चाली कुठेही ध्वनिमुद्रित झालेल्या नसतात आणि त्या म्हणणारे वयाने थकलेले असतात. परवानगी घेऊन त्या नोंदवून ठेवा, कुणाकडून मिळाली ते नाव आणि गाव लिहून ठेवा, आणि त्यांतली एखादी चाल पुढे स्वतःच्या गाण्यात वापरावीशी वाटली, तर ज्यांच्याकडून ती मिळाली त्यांना आधी विचारा आणि श्रेय द्या.

अक्षरसंख्येची तुमची अडचणही तिथेच सुटेल. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. मात्रांचे काटेकोर गणित त्यात नसते, त्यामुळे चालीला अक्षर हवे तिथे ओढता येते आणि हवे तिथे आखडता येते. शेकडो वर्षे, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी हजारो अभंग तोंडपाठ ठेवले, त्यामागे भक्ती होतीच. पण ही रचनाही होती. तुम्ही अभंग लिहावेत असे मी मुळीच म्हणत नाही. नव्या गाण्याचा अंतरा बांधण्यापूर्वी तो चालीशिवाय मोठ्याने वाचून पाहा, प्रत्येक ओळीची अक्षरे मोजा, आणि जिथे ओळ लांबली आहे तिथे ती लांबण्याचे कारण गाण्यात आहे का, एवढेच स्वतःला विचारा. कारण असेल तर ती तशीच ठेवा. माझ्या अंदाजाने तुमच्या तिसऱ्या गाण्यातल्या निम्म्या ओळींना तसे कारण सापडणार नाही.

दुसऱ्याच्या तोंडी बसणारे गाणे म्हणजे काय, याचे आपल्या भाषेतले एक मोठे उदाहरण वामनदादा कर्डक यांचे आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ मध्ये जन्मलेल्या या कवीने मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे आयुष्यभर गावोगावी, वस्त्यावस्त्यांत फिरून आंबेडकरी विचारांची गाणी लिहिली आणि गायिली. त्यांची गाणी त्यांच्या स्वतःच्या आवाजापुरती राहिली नाहीत. गायनपार्ट्यांनी ती उचलली, जयंतीच्या रात्री ती गायिली गेली आणि २००४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही ती थांबली नाहीत. तुम्हीही स्वतःला स्वतंत्र कलाकार म्हणवता, आणि ते योग्यच आहे. पण आपले गाणे आपल्याशिवाय कुणी गाऊ शकते का, ही कसोटी स्वतंत्र कलाकारालाही लावून घेता येते.

शाळेच्या बाईंना होकार देताना अट अशी घाला की दर शनिवारी एकच तास, तोही एका सत्रापुरता, आणि त्या सत्रात तुम्ही मुलांना तयार गाण्यांबरोबर स्वतः केलेले एखादे नवे गाणेही शिकवाल. मुलांसमोर नवी चाल म्हणजे फार कडक परीक्षा असते. तुम्ही काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी 'सा' धरून गाता. मुलांना तो स्वर फार खाली पडतो, त्यांना काळी चार किंवा काळी पाच सोयीची पडते, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्हाला आपले गाणे दुसऱ्या स्वरात उचलून बसवावे लागेल आणि त्या खटाटोपात चालीचा सांगाडा उघडा पडेल. जी उडी तुम्ही गिटारच्या आधाराने सहज घेता, ती तीस मुलांना एकत्र घेता आली नाही, तर ती उडी खरोखर गाण्याला हवी होती का, हे तपासता येईल. कधी ती हवीच असते, आणि मग ते गाणे मुलांचे नाही, एवढेच ठरते. मुले शब्दही बदलतात. त्यांनी चुकीचा म्हटलेला शब्द अनेकदा जिभेला अधिक सोपा असतो, तो लिहून ठेवा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: वार्षिक स्नेहसंमेलनाचे नृत्य, ध्वनिक्षेपक आणि निवेदन ही कामे हळूहळू तुमच्या गळ्यात येतील, त्यांना सुरुवातीलाच नम्रपणे नकार द्या. बाईंना तुमची अडचण कळेल.

सूर सरळ करून घेण्याच्या सवयीवर उपाय तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरच्या बाजूने येणारे भोपळे, त्यांवर चढणारे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी सतारमेकर घराणी तुमच्या शहरात आहेत. तिथे एखाद्या कारागिराची परवानगी घेऊन, तो जवारी काढत असताना तासभर शांत बसा. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग तो किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो, आणि एकाच तारेतून हळूहळू अनेक स्वर ऐकू येऊ लागतात. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा सूर आणि कानाला भरलेला वाटणारा सूर यांत केवढे अंतर असते, ते तिथे कळते. शक्य झाल्यास एखादा जुना तानपुरा दुरुस्त करून घ्या, आणि ध्वनिमुद्रणापूर्वी रोज अर्धा तास त्याच्यासोबत नुसता षड्ज, म्हणजे 'सा', लावा. गिटारवर गाणाऱ्याने हे कशाला करायचे, असे कुणी म्हणेल. गळा तोच असतो, हे त्याचे उत्तर.

गणेशोत्सव मंडळाच्या मागणीकडे मी अधिक सावधपणे पाहतो. दहा दिवसांचे सगळे कार्यक्रम म्हणजे स्पर्धा, पाहुण्यांची ने-आण, मंडप, वर्गणीवरून होणारी बोलाचाली आणि रात्रीची जागरणे. यात तुमचे संगीत कुठेच नाही, आणि पुढच्या वर्षी हे काम तुमचेच आहे, असे गृहीत धरले जाईल. त्याऐवजी एक संध्याकाळ मागून घ्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला असलेली बंदी उत्सवातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते, म्हणून अशा सवलतीच्या दिवशी मंडळ मोठ्या कार्यक्रमाच्या मागे असणार. तुम्ही साधा दिवस आणि साडेसातची वेळ मागा. त्या संध्याकाळी गल्लीतलीच पाच-सहा माणसे उभी करा: भजनी मंडळातले एक-दोघे, शाळेतली मुले, एखादा ढोलकीवाला. एकेकाळी गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी, म्हणजे गाणी सादर करणाऱ्या गटांनी, महाराष्ट्राला कितीतरी गाणारे आणि लिहिणारे दिले, कारण तिथे गल्लीचे गाणे गल्लीसमोर होत असे. आज ती जागा भल्यामोठ्या ध्वनिभिंतींनी घेतली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि तुमच्यासारख्याने एक संध्याकाळ जरी परत मिळवली तरी ते मोठे काम होईल.

फुकट वाजवावे का, हा तुमचा उपप्रश्न रास्त आहे. मी याबाबत एकच निकष मानतो. जिथे कुणीच पैसे घेत नाही, तिथे तुम्हीही घेऊ नका. भजन आणि शाळा त्यात येतात. जिथे मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला आणि बाहेरून आलेला निवेदक यांना मानधन मिळते, तिथे गाणाऱ्यानेच सेवा म्हणून यावे हे अन्यायाचे आहे, आणि मंडळाशी बोलताना रक्कम, वेळ, वाद्यांची ने-आण आणि साथीदारांचे मानधन आधी कागदावर घ्यावे. साथीदारांचे पैसे स्वतःच्या पैशांच्या आधी चुकते करा.

यालाच जोडून, तुम्ही विचारले नसले तरी, सांगून ठेवतो. आवाज चांगला आहे हे कळताच स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची आणि निवडणुकीची गाणी करून देण्याची मागणी येईल, आणि तिचे पैसेही बरे असतील. निदान पहिली पाच वर्षे ती घेऊ नका. लहान शहरात माणसावर बसलेला शिक्का लवकर पुसला जात नाही, आणि ज्याचे महापुराचे गाणे सगळ्या पक्षांच्या घरांत ऐकले गेले, त्याने तो विश्वास जपला पाहिजे. लोकांच्या प्रश्नांवर गाणी मात्र जरूर करा, पण ज्यांचा प्रश्न आहे त्यांना बरोबर घेऊन. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटाने आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या लढ्यावर गाणे केले, तेव्हा तिथेच राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात होता. तो आवाज नसता तर तेच गाणे बाहेरच्याने केलेली टिप्पणी ठरले असते.

आता करार. कंपनीने पाठवलेल्या मसुद्यातला जो परिच्छेद तुम्ही उतरवून पाठवला आहे, त्यात "सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभर आणि कायमस्वरूपी" असे शब्द आहेत. त्यावर सही करू नका. प्रत्येक गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुमच्या बाबतीत तिन्ही आज तुमच्याकडेच आहेत, आणि स्वतंत्रपणे गाणी करण्याचा सर्वांत मोठा फायदा तोच आहे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क भारतीय कायद्यानुसार तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. एकरकमी काही हजारांत तुम्ही काय देऊन टाकणार आहात, ते या मुदतींवरून ध्यानात यावे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती तुमच्या बाजूची आहे. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क तुम्ही दुसऱ्याकडे सोपवलात, तरी त्यांच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा मिळण्याचा तुमचा अधिकार करारातून काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. हक्क सोपवणारा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत तुमच्याकडे येतो. कंपनीला म्हणूनच "जगभर आणि कायमस्वरूपी" हे शब्द स्पष्ट लिहून हवे आहेत. तुम्ही उलट प्रस्ताव ठेवा: एकच गाणे, तीन वर्षांची मुदत, ध्वनिमुद्रणाचा परवाना, आणि हक्क तुमच्याकडेच. त्यांनी नकार दिला तर तुमचे काहीही नुकसान होत नाही. शक्यतो सही करण्यापूर्वी या कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा. त्या सल्ल्याचे शुल्क वाया जाणार नाही.

त्याच वेळी गीतकार आणि संगीतकार म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या संस्थेचे सदस्यत्व घ्या, म्हणजे तुमची रचना इतरत्र वाजली तर तिचे स्वामित्वधन गोळा होण्याचा मार्ग खुला राहील. आणि यापुढे ज्या गाण्यात मित्राचे शब्द किंवा दुसऱ्याची चाल असेल, त्यात कुणाचा किती वाटा हे गाणे पूर्ण झाले त्याच दिवशी एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. मैत्री आहे म्हणून हे टाळले जाते आणि पुढे त्यावरूनच मैत्री तुटते.

तुमच्या पत्रात एक उणीव मला सतत जाणवत राहिली: गाणे पूर्ण होण्यापूर्वी ते ऐकवायला तुम्हाला कुणीही नाही. भजन, शाळा आणि उत्सव यांतून हे मिळणार नाही, ते तुम्हालाच उभे करावे लागेल. सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात लिहिणारे, चाली लावणारे, रॅप करणारे चार-पाच तरुण शोधणे कठीण नाही. महिन्यातून एकदा एखाद्या वाचनालयाच्या खोलीत बसा, प्रत्येकाने अपुरेच गाणे आणावे, आधी शब्द वाचावेत, मग एका वाद्यावर गावे, आणि ऐकणाऱ्यांनी "छान आहे" असे म्हणण्याऐवजी आपले लक्ष कुठे सुटले तेवढेच सांगावे. ध्वनिमुद्रण करून आणलेले पक्के गाणे तिथे चालणार नाही, हा नियम कडकपणे पाळा, कारण तयार गाण्यावर कुणी खरे बोलत नाही. तुमच्या आईंना रात्रीच्या जागरणांची काळजी वाटते, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. आठवड्यातल्या चार रात्री स्वतःच्या गाण्यासाठी राखून ठेवा, त्या कुणालाही देऊ नका, आणि बाकीच्या तीन रात्री वेळेवर झोपा. नोकरीही सोडू नका. तिच्यामुळेच आज तुम्ही कंपनीच्या कराराला नकार देऊ शकता.

राहिला पुण्याचा प्रश्न. मित्र तुमचे वाईट चिंतत नाही, आणि पुण्यात ऐकणारे, वाजवणारे आणि मंच जास्त आहेत हे खरेच आहे. पण तुमच्या गावाचा इतिहास त्याच्या म्हणण्याला दुजोरा देत नाही. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि मग बाहेर पडले; ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा मिरजेत कमावलेली तयारी त्यांच्याबरोबर होती. त्याउलट गायक अब्दुल करीम खाँसाहेब दूर उत्तरेतल्या कैराण्याहून आले आणि मिरजेत स्थिरावले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले, आणि आजही तिथल्या उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी गाणेबजावणे होते. एकजण गेला, दुसरा आला आणि दोघेही मोठे झाले. तेव्हा राहण्याच्या गावावरून कुणाचे गाणे ठरत नाही.

आज पुण्याला बिऱ्हाड हलवलेत, तर भाड्यासाठी दुसरी नोकरी धरावी लागेल, भाड्याच्या खोलीत रात्री गाता येणार नाही, आणि ज्या तीन उणिवा मी वर सांगितल्या त्या तुमच्याबरोबर तिथे येतील. त्यापेक्षा वर्षभर मिरजेतच राहा आणि अधूनमधून रात्रीच्या गाडीने पहाटे पुण्यात उतरून दोन दिवस मित्राकडे राहा, तिथल्या छोट्या मंचांवर नवी गाणी म्हणून पाहा, आणि कुणाची साथ जुळते, कुणाच्या खोलीत चांगले ध्वनिमुद्रण होते याची माहिती घेऊन परत या. वर्षानंतर पाच नवी गाणी हातात असतील आणि त्यांतली निदान दोन भजनी मंडळातली, शाळेतली किंवा तुमच्या बैठकीतली माणसे तुमच्याशिवाय म्हणू लागली असतील, तर पुण्याला जाण्याचा विचार पुन्हा करा. तेव्हा तो विचार घाबरून केलेला नसेल. ती गाणी तयार झाली की मला जरूर पाठवा, आणि सूर दुरुस्त करण्यापूर्वीचे ध्वनिमुद्रण पाठवा.